व्याख्या पक्की होण्याची वाट संशोधन पाहत नाही

संपादक महोदय,

‘शास्त्रज्ञांचंच एकमत नाही, मग आम्ही कशावर विश्वास ठेवायचा?’ हा सूर द्राक्षबागायतदारांच्या व्हॉट्सॲप गटांवर वारंवार ऐकू येतो. मला तो पटत नाही. नेमकी व्याख्या ठरलेली नसतानाही विज्ञानाचं काम पुढे जातं.

निफाड-दिंडोरीत कोणालाही विचारा, द्राक्षावरचे डावणी आणि भुरी हे दोन्ही बुरशीचेच रोग. प्रत्यक्षात भुरी ही खरी बुरशी आहे. डावणीचा जीव मात्र वंशावळीने तपकिरी शैवालांच्या जवळचा. १८८५ मध्ये फ्रान्समध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ मियार्दे यांनी मोरचूद-चुन्याचं मिश्रण सुचवलं, तेव्हा तेही डावणीला बुरशीच समजत होते. कल्पना ढोबळ होती, पण उपाय लागू पडला. ते बोर्डो मिश्रण आजही आपल्या बागांत मारलं जातं. मात्र हाच ढोबळपणा पुढे अपुरा पडतो. ट्रायझोल गटातली औषधं भुरीला आवरतात, डावणीला नाही. कारण ती बुरशीच्या पेशींच्या आवरणाला लागणाऱ्या ज्या अर्गोस्टेरॉल या घटकाची निर्मिती रोखतात, ते डावणीचा जीव बनवतच नाही. तिथे फरक जाणून घ्यावाच लागतो.

जनुकाचंही तेच. १९०९ मध्ये डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ योहान्सन यांनी ही संज्ञा दिली, तीही जनुक कशाचं बनलंय हे मुद्दाम न ठरवता. जनुकं खरी की निव्वळ काल्पनिक, यावर आनुवंशशास्त्रज्ञांचं एकमत नाही, असं अमेरिकी शास्त्रज्ञ मॉर्गन यांनी १९३४ मध्ये चक्क नोबेल व्याख्यानात सांगितलं. आणि त्यांच्याच प्रयोगशाळेत फळमाशीच्या जनुकांचा क्रम लावणारा पहिला नकाशा १९१३ मध्येच तयार झाला होता! डीएनएची रचना उलगडली १९५३ मध्ये. १९७७ मध्ये तुकड्यातुकड्यांत विखुरलेली जनुकं सापडली आणि व्याख्या पुन्हा सैल झाली. आपल्या शाळांत मात्र ‘जनुकाची व्याख्या लिहा, गुण एक’. पाठ केलेली व्याख्या बदलली की मुलांना विज्ञानच खोटं ठरल्यासारखं वाटतं, यात नवल ते काय.

अर्थात सगळीच संदिग्धता कामाची नसते. मॉर्गन यांना जनुक म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, पण माश्यांच्या कोणत्या पिढीत काय मोजायचं हे ठाऊक होतं. ‘वेलीची प्रतिकारशक्ती वाढवतं’ असं लिहिलेली बाटली कोणी हातात दिली, तर बागायतदारांनी विक्रेत्याला एवढंच विचारावं: ती वाढली हे मोजायचं कशावरून, आणि फवारणी न केलेली ओळ शेजारी ठेवली होती का?

– एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, नाशिकरोड