मुखवट्याखाली बाईच असते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतलं आफ्रिकी मुखवट्यांचं पान जपून ठेवलंय, छपाई इतकी सुरेख आहे. मात्र सिएरा लिओनच्या काळ्याभोर मुखवट्याखाली 'हा घालून गावचा मांत्रिक नाचतो' असं छापलंय, ते साफ चूक. तो सोवेई आहे आणि तो घालून बाई नाचते.

चूक कशी झाली असेल ते कळतं. आफ्रिकेत लाकडी मुखवटे बहुतेक पुरुषच नाचवतात. नायजेरियातल्या योरुबांचा गेलेडे उत्सव थोरल्या आयाबायांच्या मानासाठी असतो, पण मुखवटे घालतात पुरुष. आमच्या जव्हारच्या बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवातही देवीची सोंगं पुरुषच घेत आले. पण सिएरा लिओन-लायबेरियातल्या मेंदे, वाय, गोला या लोकांत बायकांचं स्वतःचं गुप्त मंडळ आहे. त्याला सांडे म्हणतात, काही भागांत बोंडो. वयात आलेल्या मुलींना गावाबाहेर रानात ठेवून घरसंसार, नाच, औषधपाणी शिकवतात. तिथून परतली की ती पोर राहत नाही. मुखवट्याला सोवेई म्हणतात तसं या मंडळातल्या मोठ्या मानकरणीलाही सोवेईच म्हणतात. कोरतो सुतार, पण मुखवटा तिचा.

२०१३ साली लेकीकडे लंडनला गेले होते, तेव्हा ब्रिटिश म्युझियममध्ये अशाच एका सोवेईभोवती छोटं प्रदर्शन मांडलं होतं. सगळा जन्म चित्रकला शिकवण्यात गेला, त्यामुळे माझी नजर आधी गळ्यावर गेली. मुखवटा अखंड लाकडाचा, आतून पोकळ, टोपासारखा डोक्यावरून खाली घालायचा. म्हणजे गळा डोकं जाईल इतका रुंद हवाच. कोरणाऱ्याने त्या अडचणीचंच देखणेपण केलंय. गळ्याला एकावर एक वळ्या दिल्यात. कुणी म्हणतं ही खात्यापित्या घरची भरलेली मान, कुणी म्हणतं देवता पाण्यातून वर येताना उठलेली वर्तुळं. मला दोन्ही पटतं. खालच्या काठाला भोकं असतात, त्यांतून काळ्या धाग्यांच्या झिरमिळ्या सोडतात, म्हणजे नाचणारीचं अंग कुठेच दिसत नाही. लंडनच्या त्या मुखवट्याला पुरुष घालतात तशी विलायती हॅटही कोरलेली आहे. १८८६ च्या लंडनच्या वसाहतींच्या प्रदर्शनात तो मांडला होता. साहेबाची हॅट बाईच्या डोक्यावर, आणि साहेब ती कौतुकाने बघतोय!

आता माझी खरी तक्रार. झुकलेले डोळे नि मिटलेलं इवलंसं तोंड पाहून तुमच्या लेखकाने 'सोशिक, आज्ञाधारक स्त्रीचा आदर्श' असा अर्थ लावलाय. तोंड मिटलंय ते मंडळाची गुपितं ठाऊक आहेत म्हणून. आपण 'तोंडाची पक्की' म्हणतो ना, तशी. कपाळ मोठं, ते शहाणपणाचं. केस बारकाईने विंचरून बांधलेले, कारण तिथे मोकळे, विस्कटलेले केस म्हणजे सुतक नाहीतर वेड. शिवाय अशी वेणी स्वतःची स्वतःला घालता येत नाही, मागे दुसरी बाई बसावी लागते. याच सांडेच्या जोरावर सिएरा लिओनमधल्या सेनेहूनच्या मॅडम योको या राज्यकर्त्या बाईने एकोणिसाव्या शतकात कितीतरी सोयरिकी जुळवल्या आणि मोठा मुलूख ताब्यात ठेवला. ती कुणाच्या आज्ञेत होती?

अर्थात मला आरती ओवाळायची नाही. त्याच रानात मुलींचा खतनाही होतो. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत सिएरा लिओनमधल्या १५ ते ४९ वयाच्या ८३ टक्के स्त्रियांचा तो झालेला आढळला. तिथल्याच काही बायका आता कापणं वगळून बाकीचा सोहळा करा म्हणतायत. तुमच्या अख्ख्या पानात याचा शब्द नाही, आणि 'आदर्श स्त्री' म्हणून मथळा मात्र आठ कॉलमी.

आणि सांडेची दुसरी मुखवटेवाली, गोंडे, ती कुठे गेली? सोवेई एवढ्या तोऱ्यात नाचते, तिच्या आगेमागे ही गबाळी, वाकड्या तोंडाची, चिंध्या ल्यालेली गोंडे धडपडत असते, पैसे मागते, लोकांना हसवते. तीही बाईच.

पुढच्या रविवारी एका ओळीची दुरुस्ती छापा, आणि जागा उरली तर गोंडेचा फोटो टाका. माझ्या शाळेतल्या पोरांनी चित्र काढायला आधी तीच मागितली असती.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, जव्हार