पट्टीवरचा शून्य भाव

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

माझ्या प्रोग्रॅममधली चूक सुधारायला तुम्ही जी मदत केलीत, तिच्याबद्दलचं हे सगळं तुमच्या घरी येऊन सांगता आलं असतं. पण तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणून चहा पुढे केला असता आणि माझं बोलणं राहून गेलं असतं. शिवाय तुम्ही जे शिकवलंत ते माझ्यासारख्या आणखी चौघांच्या कामाचं आहे, म्हणून सगळ्यांदेखत लिहितोय.

मार्केट यार्डातल्या ज्या अडत दुकानाचं सॉफ्टवेअर मी बघतो, तिथे फेब्रुवारीत एका शेतकऱ्याला दोन लॉटची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, छापून दिली. पहिला लॉट बरोबर होता. दुसरा अजून सौद्यात निघायचाच होता, तरी कागदावर तो उमटला: खरेदीदार कोरा, भाव शून्य, रक्कम शून्य. त्या शेतकरी बाबांनी पट्टी दोनदा वाचली. "ह्या मालाला कुणी बोलीच लावली नाही व्हय?" एवढंच विचारलं आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवली. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेली आपली सांगलीची हळद, आणि माझ्या प्रोग्रॅमने तिला भाव लावला शून्य. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी हरिपूरला तुमच्याकडे आलो. तुम्ही कोड बघायच्या आधी कोरा कागद घेतलात आणि विचारलंत, "डेटाबेसच्या टेबलातून येणारी रो, म्हणजे नोंदीची ओळ, सपाट असते. तुमचा लॉट कसा असतो?" लॉटच्या आत शेतकरी, शेतकऱ्याच्या आत गाव, आणि विकला गेला असेल तरच खरेदीदार. मी हे सगळं एकतीस कॉलम हाताने उचलून भरत होतो. खरेदीदारासाठी लेफ्ट जॉइन (जोडीची नोंद नसली तरी मूळ नोंद आणणारी जोडणी) होता, म्हणजे सौदा झाला नसेल तर ते कॉलम नल, म्हणजे किंमतच नसलेले, येणार. पण जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत कॉलममधला आकडा वाचणारं गेटइंट काय किंवा गेटडबल काय, नल असलं तरी शून्यच हातात देतं. वर मी खरेदीदाराचा ऑब्जेक्ट आधीच तयार करून ठेवत होतो, रिकामा. चूक तिथे होती.

मग तुम्ही रिफ्लेक्शन, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना फील्ड नावावरून शोधायची सोय, उलगडून दाखवलंत. १९९७ पासून, १.१ आवृत्तीपासून, ते जावात आहे, आणि मी त्याला नुसता घाबरून होतो. क्वेरीत कॉलमला टोपणनाव द्यायचं: 'शेतकरी.गाव.नाव'. टिंबावर तुकडे करायचे, पहिल्या तुकड्याच्या नावाचं फील्ड (माहितीचा कप्पा) क्लासमध्ये, म्हणजे ऑब्जेक्टच्या साच्यात, शोधायचं, ते आपल्याच दुसऱ्या क्लासचं असेल तर आत उतरून पुढचा तुकडा शोधायचा. शेवटच्या फील्डात किंमत ठेवायची. तेवढं कळल्यावर एकतीस ओळींच्या जागी एक छोटी पद्धत उरली.

आत कधी उतरायचं, हे मात्र तुम्ही हळद साठवायच्या जमिनीतल्या पेवावरून सांगितलंत, आणि ते मी विसरणार नाही. पेव उघडलं की कुणी लगेच आत उतरत नाही, आधी आतली हवा बघतात. तसं किंमत आधी गेटऑब्जेक्टने घ्यायची, ते नलला नलच देतं. नल असेल तर आतला ऑब्जेक्ट तयारच करायचा नाही. पहिली खरी किंमत आली की मगच करायचा. खरेदीदाराचे सगळे कॉलम नल आले, तर लॉटमध्ये खरेदीदार नाहीच. भावाचं फील्डही तुम्ही डबल या साध्या आकड्याच्या प्रकाराचं बदलून बिगडेसिमल, म्हणजे दशांश अचूक ठेवणारं, करून घेतलंत, कारण साध्या डबलमध्ये नल मावत नाही आणि पैशाचा हिशोब त्यात ठेवूच नये.

वेग कमी पडला तेव्हा तुम्ही म्हणालात, "हमाल प्रत्येक पोत्यामागे दुकानाचा पत्ता विचारतो का?" मी दर रोला फील्ड नव्याने शोधत होतो. आता कॉलमची लेबलं एकदाच वाचतो, फील्ड एकदाच शोधतो, मग लूप सुरू. एखाद्या लेबलाला फील्ड सापडलं नाही तर तिथेच एरर फेकायचा, हाही तुमचाच आग्रह. कुणी उद्या फील्डचं नाव बदललं तर कोड आधी तपासणारा कंपायलर काही बोलणार नाही, आणि पट्टीवरची एक रक्कम गुपचूप नाहीशी होईल. माझ्या मते सगळ्यात मोलाची सूचना हीच होती. गेल्या आठवड्यात 'तोलाई'च्या (माल तोलायच्या खर्चाच्या) फील्डचं नाव बदललं गेलं आणि प्रोग्रॅम सुरू होतानाच अडकला. एकही चुकीची पट्टी बाहेर गेली नाही.

ते बाबा परवा पुन्हा आले होते. आता अशा लॉटपुढे 'सौदा बाकी' असं छापून येतं. दिवाणजींनी ते बोट ठेवून वाचून दाखवलं.

तीन संध्याकाळी तुम्ही मला दिल्यात, पैशाचा विषयही काढू दिला नाहीत. काकूंनी दरवेळी जेवायला थांबवलं. तुमचे आभार मानायला 'धन्यवाद' हा शब्द मला अपुरा वाटतो, पण दुसरा सापडत नाही. तुमच्या हातचा तो कागद गल्ल्याशेजारी भिंतीवर लावलाय. तुमची वही अजून माझ्याकडेच आहे. सौद्यांची गर्दी ओसरली की घेऊन येतो.

आपला,
मार्केट यार्डातला विद्यार्थी
सांगली