रविवारी लाईफजॅकेटं घेऊन या!!
मंडळी, १ ऑगस्टला पावसाळी मासेमारीबंदी उठतेय, त्याआधी या रविवारी सकाळी १० ला रत्नागिरीच्या मिरकरवाडा जेटीवर सगळ्या बोटींची लाईफजॅकेटं बघायचीत, मालकाला जमत नसेल तर तांडेलाला (बोट चालवणाऱ्या प्रमुखाला) पाठवा.

- लेबल वाचता आलं पाहिजे, पुसलेलं चालणार नाही
- डिझेलने माखलेली वेगळी ठेवा, ती आधी पेटतात
- घरी लायटर लावून बघू नका!! गेल्या वर्षी एकाने कोऱ्या जॅकेटला भोक पाडलं 🤦

जॅकेट आगीत टिकतं का याची खरी टेस्ट लॅबमध्ये होते, ट्रेमध्ये पाण्यावर पेट्रोल ओतून ३० सेकंद पेटू देतात मग जॅकेट ट्रेच्या २५ सेंमी वरून २ सेकंद जाळातून नेतात, बाहेर काढल्यावर ६ सेकंदांपेक्षा जास्त जळत राहिलं की नापास.

येताना बिल असेल तर आणा.