ड्रोनला आमचा पत्रा दिसतो, ओढा दिसत नाही

मा. नगरविकास मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

परवा रात्री अडीचला ओढा आमच्या घरात शिरला. गव्हाचा डबा तरंगत दारापर्यंत आला, फ्रीज आडवा झाला, आईला उचलून डायनिंग टेबलावर बसवलं. शेजारी म्हणतात सत्तर घरांत पाणी गेलं. मी एकावन्न मोजली, मग चप्पल चिखलात रुतली आणि मोजणी तिथेच थांबली.

आमचं गाव महापालिकेत घेतलं तेव्हा आपण चौकात म्हणाला होतात, "आता विकास आराखडा जीआयएसवर, म्हणजे संगणकाच्या नकाशावर होणार, इंच न् इंच जमीन दिसणार." दिसते की! गच्चीवरचा दहा बाय बाराचा पत्रा ड्रोनला लगेच दिसला, वाढीव घरपट्टीही आली. ओढा तेवढा दिसला नाही. प्रारूप आराखड्यात त्या जागी पिवळा रहिवासी पट्टा आहे. दिसणार तरी कसा? दोन वर्षं रात्री अकरानंतर ओढ्यात राडारोड्याचे ट्रक रिकामे होत होते. सर्वेक्षणाला माणसं आली तोवर सगळं सपाट. ड्रोनचा काय दोष!

आराखड्यावर हरकत घ्यायला मोजकेच दिवस असतात. मी दोन दिवसांची रजा टाकून भूमी अभिलेखातून जुना गाव नकाशा काढला. त्यात ओढा दोन रेघांनी स्पष्ट दाखवलाय. सुनावणी चार मिनिटं चालली. साहेबांनी लॅपटॉपवर झूम केलं आणि म्हणाले, "ओढा आमच्या लेयरमध्ये नाही." अहो, माझ्या स्वयंपाकघरात आहे ना!

मागणं एवढंच, की गाव नकाशा उपग्रहाच्या चित्रावर बसवा, जमिनीचा उतार बघा, ओढ्यांनाही पूररेषा आखा आणि मग रंग भरा. निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या, हे माझ्या नववीतल्या मुलीला ठाऊक आहे. सल्लागारांची शिकवणी हवी तर ती घेईल. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री माणसं वाहून गेली ती नदीत नव्हे, आंबिल ओढ्यात. मुंबईचा प्रारूप आराखडा २०१५ मध्ये चुकांपायी नव्याने करायला लावला तो याच राज्य सरकारने. म्हणजे कळतं सगळं. पण मुंबईची चूक पेपरात येते, आमच्या वाडीची कोण छापणार? आमच्याकडे मतं मागायला येतात तेव्हा गल्लीबोळ बरोबर सापडतात, नकाशा लागत नाही.

हरकतीची पोच सोबत जोडली आहे. भिजली होती, इस्त्री फिरवून वाळवली. शिक्का अजून वाचता येतो.

आपला,
एक करदाता (वाढीव)