फायबर जोडणी : जागा आधी ठरवा

सभासदांनो, इंटरनेटचं फायबर जोडायला माणूस येण्याआधीच राउटरची घरातली जागा पक्की करा. दाराजवळचा कोपरा त्याला सोपा पडतो, पण घाईत हो म्हणू नका. नंतर बदल करणं फार त्रासाचं होतं. राउटर शक्यतो घराच्या मधोमध, उंचावर आणि उघड्यावर हवा. लोखंडी कपाट, मोठा आरसा, मायक्रोवेव्ह यांच्यापासून लांब. टीव्हीमागे तर नकोच. ५ गिगाहर्ट्झचा वायफाय भिंतींपुढे लवकर क्षीण होतो. मधोमध फायबर नेता येत नसेल, तर ओएनटी (फायबर ज्यात येऊन जोडली जाते ती छोटी पेटी) दाराजवळ बसवून राउटरपर्यंत लॅन केबल ओढा; ती १०० मीटरपर्यंत चालते. दोन्हींजवळ प्लग पॉइंट लागेल. फायबर कुठेही काटकोनात दुमडू देऊ नका, आत काचेचा तंतू असतो. भाड्याचं घर असेल, तर भिंतीला भोक पाडण्यापूर्वी घरमालकांना विचारा.