विमानवेधी तोफा कुठे गेल्या?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला व्हिएतनामच्या हवाई युद्धावरचा लेख वाचला. मिग-२१ आणि रशियन क्षेपणास्त्रांवर पान भरले आहे, तोफांच्या वाट्याला अर्धे वाक्य! उत्तर व्हिएतनामवर पडलेल्या अमेरिकी विमानांपैकी सर्वाधिक तोफांनीच पाडली. २४ जुलै १९६५ला क्षेपणास्त्राने पहिले फँटम हे अमेरिकी लढाऊ विमान पडले. मग क्षेपणास्त्र चुकवायला वैमानिक खालून येऊ लागले आणि ३७ व ५७ मिलिमीटरच्या तोफांच्या तावडीत सापडले. क्षेपणास्त्रांनी खाली दाबायचे, तोफांनी टिपायचे, अशी ती जोडी होती.

मी लष्कराच्या विमानवेधी तोफखान्यात एल-७० तोफेवर नोकरी केली, म्हणून हे जास्त झोंबले. मागे आमच्या गावच्या शाळेत माजी सैनिकांचा सत्कार झाला. निवेदकाने मला सरळ 'हवाई दलातले' करून टाकले. मी चूक सांगितली तर म्हणतो, "एकच की हो काका!" एकच कसे? तोफेवरचा जवान उघड्यावर बसतो. विमान अंगावर येत असले तरी नेमावरची नजर ढळू द्यायची नाही. गोळा विमान आहे तिथे मारून उपयोग नसतो; तो पोहोचेपर्यंत विमान जिथे गेलेले असेल, तिथे मारावा लागतो. व्हिएतनामात शेतात राबणाऱ्या मिलिशियाच्या, म्हणजे गावोगावच्या नागरी सैन्याच्या, मुलीही तोफांवर होत्या. त्यांच्याबद्दल एक अक्षर नाही.

डिसेंबर १९७२चेही तेच. बी-५२ हे अमेरिकी बॉम्बफेकी विमान पाडल्याचे श्रेय लेखकाने मिगचे व्हिएतनामी वैमानिक फाम तुआन यांना देऊन टाकले. तो व्हिएतनामचा दावा आहे, अमेरिकेने तो मानलेला नाही. १८ ते २९ डिसेंबरच्या हल्ल्यांत अमेरिकेने १५ बी-५२ गमावली, आणि तिच्या नोंदीप्रमाणे ती सगळी क्षेपणास्त्रांनी पडली. जॅमिंगने, म्हणजे अमेरिकी विमानांनी सोडलेल्या अडथळ्याच्या लहरींनी, रडारचा पडदा भरून जायचा, तेव्हा क्षेपणास्त्राच्या नियंत्रण केबिनमधले तिघे ऑपरेटर हाताने चाके फिरवत लक्ष्याचा माग धरून ठेवायचे. लेखात त्यांनाही जागा मिळायला हवी होती.

आणखी एक. 'मिग-२१' म्हणून छापलेले विमान मिग-१७ आहे. मिग-२१च्या नाकाच्या तोंडात टोकदार शंकू असतो, फोटोत नुसते भोक दिसते. जिथे ओझरला मिग-२१ बनली, त्या नाशिक जिल्ह्यातही आपला अंक वाचला जातो. निदान ही दुरुस्ती तरी ठळक छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त हवालदार, सातारा