बाबांशेजारी चिखलात बसलेल्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार. पावसाळ्यात तुम्ही आमच्या काटोलकडच्या वावरात माती पाहायला येऊन गेलात. घरात अजून रोज तुमचा विषय निघतो.

तुमच्या आधी भेटलेल्यांनी बाबांना मोजलंच नाही. एका साहेबांनी तर मातीला हातही न लावता सांगून टाकलं, "तुमची जमीन मेली." कृषी केंद्रवाल्यानं युरियाचं आणखी एक पोतं माथी मारलं. जिवाणू खताची पाकिटं दिली तीही नागपूरच्या उन्हाळ्यात टिनाखाली तापलेली. त्यातलं काय जिवंत राहणार? जमीन मेली हे ऐकल्यापासून बाबांचं जेवणावरचं लक्षच उडालं होतं.

तुम्ही आलात आणि सरळ सोयाबीनच्या तासात, चिखलात मांडी घालून बसलात. झाड उपटलं नाहीत, खुरप्यानं खालून अलगद सोडवलंत. उपटलं की मुळावरच्या गाठी तुटून मातीतच राहतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. बाबांच्याच बाटलीतल्या पाण्यानं मुळं धुतलीत, एक गाठ नखानं चिरून त्यांच्या तळहातावर ठेवलीत आणि म्हणालात, "काका, आत गुलाबी दिसते ना? रायझोबियम, म्हणजे हवेतलं नत्र झाडाला देणारे जिवाणू, काम करून राहिले. जमीन जिवंत आहे तुमची."

बाबा कितीतरी वेळ हात तसाच धरून होते.

आमच्या मृदा आरोग्य पत्रिकेवर नत्र, स्फुरद, पालाश ही अन्नद्रव्यं आणि सामू (माती आंबट की खारी) धरून 12 गोष्टी आहेत, जिवाणूंचा रकानाच नाही. चिमूटभर मातीत कोट्यवधी जीव असतात हे तुम्ही सांगितलंत: अडकलेला स्फुरद मोकळा करणारे, मर रोगाच्या बुरशीला आवरणारी ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी, पहिल्या पावसाचा वास ज्यांच्यामुळे येतो ते ॲक्टिनोमायसिट्स जिवाणू. एकच पीक, एकच खत आणि वर धसकटं पेटवणं, यानं त्यांच्यातले कितीतरी प्रकार हटत जातात, हेही तुम्ही बाबांना दोष न देता समजावलंत.

मोठ्या पदवीची माणसं आम्ही पुष्कळ पाहिली. साठी ओलांडलेल्या शेतकऱ्याला 'काका' म्हणून त्याच्या बरोबरीनं खाली बसणारं माणूस पहिल्यांदा पाहिलं. असं वागायला पैसा लागत नाही, तरी ते इतकं दुर्मीळ का असावं, मला कळत नाही.

यंदा बाबांनी सोयाबीनचं कुटार पेटवू दिलं नाही, वावरातच पसरलं. पुढच्या वर्षी ज्वारीचा फेरपालटही ठरलाय.

तुरीच्या शेंगा भरल्या की नक्की या. आई सोलेभात करणार आहे, नाही म्हणायचं नाही.

तुमच्या काकांची मुलगी